दुसरं मॅगझिन

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आजपासून कमरेला दोन गोष्टी. उजवीकडे पिस्तूल, ते गेली अकरा वर्षं आहेच. डावीकडे आता जादा मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात खालून सरकवायची गोळ्यांची डबी.

काल लेस्टरच्या वर्गाला जाऊन बसलो. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, दुकानामागे मातीचा बांध घालून केलेलं नेमबाजीचं मैदान आहे, आणि तिथे महिन्यातून एकदा तो आम्हा लायसन्सवाल्यांना शहाणं करतो. शाळेत हाच माझ्या मागच्या बाकावर बसून माझी उत्तरं उतरवायचा. आता तो सांगतो आणि मी उतरवून घेतो. काळ काळ म्हणतात तो हाच.

त्याचं म्हणणं असं की जादा मॅगझिन हे गोळ्या संपतील म्हणून नसतंच. "अरे, पिस्तूल क्वचित दगा देतं. दगा देतं ते मॅगझिन. स्प्रिंग मऊ पडते, गोळी तिरकी बसते, मग तुम्ही ओढत बसा घोडा. अशा वेळी पहिलं टाकायचं जमिनीवर आणि दुसरं ठोकायचं आत. विचार करायचा नाही. दोन म्हणजे एक, आणि एक म्हणजे काहीच नाही!" असं म्हणून तो सगळ्यांकडे बघत राहिला. टाळी पडली नाही, पण मॅगझिनं विकली गेली. मीही एक घेतलं. जुनं नि नवं, दोन्ही काळी, दहा गोळ्यांची, सारखीच. लेस्टर म्हणाला पांढऱ्या रंगाने आकडे घाल, एक आणि दोन. घालीन कधीतरी.

बायकोने, नदीनने, बघितलं आणि पोळपाटावरचं पीठ तसंच टाकून हसत बसली. "चाळीस वर्षं काउंटीचे रस्ते सपाट केलेस, साधा ससा कधी तुझ्या अंगावर धावून आला नाही. आता कुठलं सैन्य येणार आहे?"

मी म्हटलं, छत्री घेऊन निघालं की पाऊस येत नाही.

"मग पँट घट्ट करणारी छत्रीपण बघ कुठे मिळते का. सगळं ओझ्याने खाली चाललंय."

पट्ट्याला एक भोक वाढवलं.


९ ऑक्टोबर, गुरुवार

पंपावरच्या दुकानात माझ्या आधी कुणी जात नाही. पावणेसातला मी, साडेसातला लेस्टर आणि बाकीची मंडळी. मधला पाऊण तास कॉफी, वर्तमानपत्र आणि डेलनी.

डेलनी म्हणजे गारलंड स्टाइल्सची मुलगी, चोवीस वर्षांची. गारलंड लाकूड कापायच्या करवती आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. बायको सोडून गेली तेव्हा पोरगी चारची होती. त्याने एकट्याने वाढवली. सकाळी ती दुकानाचा गल्ला सांभाळते, संध्याकाळी दातांच्या दवाखान्यातलं काम शिकायला कॉलेजात जाते. त्यामुळे हल्ली ती कुणाच्या डोळ्यांकडे बघून बोलत नाही, तोंडात बघून बोलते.

आज मी कप घ्यायला वाकलो तर म्हणाली, "मिस्टर हार्मन, डाव्या अंगाला हे काय नवीन? औषधाची डबी?"

"जादा मॅगझिन."

"म्हणजे पहिल्या दहा चुकल्या की आणखी दहा चुकवायला?"

मला हसू आवरेना, कॉफी सांडली. ती फडकं घेऊन आली नि पुसता पुसता म्हणाली, "त्यापेक्षा ती खालची दाढ दाखवा कुणाला तरी. गोळी लागून नाही, दाढ दुखून मराल तुम्ही."

मी म्हटलं, "थट्टा कर. पण तू इथे सकाळी एकटी असतेस. मी आत असेन तोवर तुला कसली काळजी नको."

"मग रोज या," म्हणाली. "रविवारीसुद्धा."

पोरगी फाजील आहे, पण चांगली आहे.


२३ ऑक्टोबर, गुरुवार

परवा सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी डेलनी स्टाइल्स गेली. दुकान लुटायला आलेल्या एका पोराने गोळी घातली.

मी आत होतो. पिस्तूल काढलं. मॅगझिन अडकलं. जादा मॅगझिन ट्रकमध्ये राहिलं होतं.

आज एवढंच. हात चालत नाही.


२५ ऑक्टोबर, शनिवार

तिला पुरलं. चर्चच्या तळघरात जेवण होतं, नदीनने चिकन आणि भाताचं भलंमोठं पातेलं नेलं होतं. अख्खं गाव लोटलं होतं. गारलंडच्या अंगात कुणाचा तरी उसना कोट होता, बाह्या आखूड. हात नुसते लोंबत होते, त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

रांगेतून मी त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा त्याने माझा हात धरला आणि सोडेना. "लेस्टरने सांगितलं मला. तुम्ही प्रयत्न केलात."

मी त्याच्या आखूड बाहीकडे बघत राहिलो.

"हार्मन, शेवटी तिच्याजवळ तुम्हीच होतात. ती काही बोलली का?"

मी म्हणालो, "नाही. सगळं एका क्षणात झालं."

"काहीच नाही?"

"काही नाही, गारलंड."

मागची माणसं थांबली होती म्हणून मी पुढे सरकलो. घरी येऊन ओकलो. नदीनला वाटलं, चिकन बाधलं.


२ नोव्हेंबर, रविवार

पोराला शेजारच्या काउंटीत पकडलं. एकोणीस वर्षांचा आहे.

चर्च सुटल्यावर लेस्टरने खास वर्ग ठेवला होता. नेहमी दहा-बारा टाळकी असतात, आज चाळीसच्या वर. मला जायचं नव्हतं. तो घरी येऊन गाडीत घालून घेऊन गेला. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हा माणूस तिथे होता. याच्याकडे पिस्तूल होतं, हिंमत होती, नेम होता. नव्हतं ते फक्त एक जादा मॅगझिन. ते बाहेर ट्रकमध्ये होतं. दहा पावलांवर! दहा पावलांनी ती मुलगी गेली."

कुणीतरी मागून विचारलं, "पहिलीच गोळी सुटली नाही, की दुसरी अडकली?"

"पहिलीच," मी म्हणालो. काल न्हाव्याकडे दुसरी म्हणालो होतो. कुणाच्या लक्षात आलं नाही. लोकांना माझं काही तपासायचंच नाहीये, त्यांना माझी पाठ थोपटायची आहे.

लेस्टरच्या कपाटातली मॅगझिनं संपली. शाळेत स्वयंपाक करणारी बाई तिचं नवं मॅगझिन दाखवायला माझ्याकडे आली. डोळे पाण्याने भरलेले. "तुमच्यामुळे घेतलं, मिस्टर हार्मन. देव तुमचं भलं करो."

जेवण गेलं नाही. दाढ दुखते म्हणून सांगितलं.


५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी गारलंड आला. दारातच उभा. आत ये म्हटलं तर बूट तेलकट आहेत म्हणाला. नदीनने त्याला ओढूनच आत घेतलं.

बराच वेळ टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "मला माणसांतलं फारसं कळत नाही. ते सगळं डेलनी बघायची. पण एखादं यंत्र का अडलं, ते मी शोधू शकतो. कारणाशिवाय काही अडत नाही." थोडं थांबून म्हणाला, "ते मॅगझिन मला द्याल? लेस्टरकडे तुमच्यासारखंच पिस्तूल आहे. चालवून बघतो. तिच्यासाठी करण्यासारखं आता दुसरं काही राहिलेलं नाही हो माझ्याकडे."

खोलीत जाऊन खण उघडला. दोन्ही शेजारी शेजारी पडलेली. कुठलं देऊ? मी उभाच राहिलो. नदीनने हाक मारली तेव्हा हाताला लागलं ते उचललं.

त्याने ते स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. दारातून मागे वळून म्हणाला, "नुसते ओठ हललेले तरी बघितलेत का?"

"कुणाचे?"

"तिचे."

नाही म्हणालो. वेड्यासारखंच विचारत राहतो बिचारा. दुःखात माणसाला असं एकच खूळ धरून बसायची सवय लागते.


८ नोव्हेंबर, शनिवार

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला. पहाटेपासून डोंगरात बार वाजताहेत. पन्नास वर्षांत पहिल्यांदा गेलो नाही. पिस्तूलसुद्धा कपाटात आहे. पँट आता जागच्या जागी राहते.


१२ नोव्हेंबर, बुधवार

पोलिसांतला डेप्युटी रस्क येऊन गेला. पोरगा गुन्हा कबूल करतोय, त्यामुळे मला साक्षीला जावं लागणार नाही. "दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आहेच," म्हणाला. "आवाज नाही तेवढा."

मी विचारलं, ते कुणी कुणी पाहिलं.

"आम्ही. वकिलांनी. आणि गारलंडने, तिला पुरायच्या आधीच. मी त्याला हात जोडले, नको बघू म्हणून. ऐकेना. तीनदा बघितलं त्याने."

मीही त्यात असेन, हे पहिलं मनात आलं. पण मग नीट विचार केला. तो कॅमेरा गल्ल्यावर रोखलेला आहे. कॉफीचं यंत्र मागे, चिप्सच्या फळ्यांच्या पलीकडे. मी त्यात असण्याचं कारण नाही. फार तर टोपी दिसेल.

जाताना रस्क गाडीचं दार धरून म्हणाला, "तब्येतीला जपा, मिस्टर हार्मन. कुणालाही झालं असतं असं." काय झालं असतं ते बोलला नाही. मॅगझिन अडकणं, दुसरं काय.


१६ नोव्हेंबर, रविवार

गारलंड परत आला. मॅगझिन टेबलावर ठेवलं. सुटं करून, तेल देऊन, पुन्हा जोडलेलं. मी कधी इतकं स्वच्छ ठेवलं नव्हतं.

"दोनशे गोळ्या चालवल्या. भरभर चालवल्या, थांबून चालवल्या, धूळ टाकून चालवल्या. एकदाही अडलं नाही. स्प्रिंग ठणठणीत आहे."

तो बघत होता. मीही मॅगझिनकडेच बघत होतो. मग माझं तोंड आपोआप उघडलं. "अरे, मग चुकून दुसरं दिलं असेल मी. दोन्ही सारखीच दिसतात. आकडे घालायचे राहूनच गेले."

गारलंडने फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "असेल. मग ते द्या."

खणातून दुसरं आणून दिलं. तसंच फडक्यात गुंडाळलं, तसंच आतल्या खिशात.

लेस्टरचा धडा मी इतका गिरवला, पण मैदानावर मला कधी साधला नाही. पहिलं टाकताना हात चाचपडायचे, दुसरं उलटं लागायचं. आज एक फुकट गेलं आणि दुसरं कसं पटकन पुढे केलं. विचारसुद्धा करावा लागला नाही.


१७ नोव्हेंबर, सोमवार

या वहीला कुलूप नाही, पण नदीन ती कधी उघडत नाही. कुणी वाचणार नाही अशा जागीसुद्धा मी खोटं लिहिलं. आता खरं लिहितो.

मॅगझिन अडकलं नव्हतं. पिस्तूल बाहेरच आलं नाही. माझा हात त्याच्याकडे गेलासुद्धा नाही. जादा मॅगझिन ट्रकमध्ये नव्हतं, माझ्या कमरेलाच होतं. वीसच्या वीस गोळ्या मी अंगावर घेऊन चिप्सच्या फळीमागे उकिडवा बसलो होतो, दोन्ही हात डोक्यावर, टोपी डोळ्यांवर ओढून. माझ्याकडे पिस्तूल आहे हेच मी विसरलो होतो. अकरा वर्षं रोज सकाळी चढवलेली वस्तू. गोळीचा आवाज झाला, घंटी वाजली, दार आपटलं, आणि तरी मी उठलो नाही. किती वेळ उठलो नाही ते मला माहीत नाही.

डेप्युटीला मी खोटं सांगितलं नाही. फळीमागे होतो, काही दिसलं नाही, एवढंच म्हणालो. बाहेर आवारात त्याने मला पिस्तूल रिकामं करून ट्रकच्या बॉनेटवर ठेवायला सांगितलं. ते मला धड जमेना. मॅगझिन खडीत पडलं, एक गोळी निसटून घरंगळली. तेवढ्यात लेस्टर आला. खाली पडलेलं बघून म्हणाला, "अडकलं? मॅगझिनच ना रे?" मी मान हलवली. "आणि दुसरं? ट्रकमध्ये?" पुन्हा मान हलवली. बस. मी एक शब्द बोललो नाही. सगळी गोष्ट लेस्टरनेच रचली, मी फक्त मान डोलावली. गावाला ती लगेच पटली, कारण इथे माणूस कच खातो हे कुणाला ऐकायचं नसतं. स्प्रिंग कच खाते, हे चालतं.

आणि ती बोलली होती. गारलंड विचारतो ते खूळ नाही. एक वाक्य बोलली, माझ्याशी. ते मला रोज ऐकू येतं. पण ते त्याला सांगायचं तर बाकीचं सगळं सांगावं लागेल, आणि त्या वाक्याने पुढे काय घडवलं तेही सांगावं लागेल. ते इथेसुद्धा लिहवत नाही.


२४ नोव्हेंबर, सोमवार

लेस्टरला यंदा एकही हरीण मिळालं नाही. बंदुकीची दुर्बीण वाकडी झाली म्हणे. नदीन भांडी घासत होती, म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं!"

मी ताडकन उठलो. "कुणाला म्हणतेस?"

"लेस्टरला. तुला का झोंबलं?"

"मला कशाला झोंबेल?"

तिने नळ बंद केला आणि हात पुसत समोर येऊन बसली. त्रेचाळीस वर्षं संसार केलाय, तिचा तो चेहरा मला कळतो. "हार्मन, तू हल्ली झोपेत बडबडतोस. काय बडबडतोस ते मी विचारणार नाही. पण तो माणूस दोनदा या दारात येऊन रिकाम्या हाताने गेला. गुरुवारी मी त्याला जेवायला बोलावलंय."

"सणाच्या दिवशी? त्याला काय वाटेल?"

"सणाच्या दिवशी त्याने एकट्याने बसून काय खायचं? करवतीचं तेल?"

तिच्यापुढे माझं काही चालत नाही.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग, देवाचे आभार मानायचा सण. तिघांसाठी एवढी मोठी टर्की. नदीनला कमी करणं जमतच नाही.

गारलंड भांग पाडून, दाढी करून आला. हातात रताळ्यांचं ताट, वरचा साखरेचा थर काळाठिक्कर. "हे दर वर्षी डेलनी करायची," म्हणाला. "मला फक्त जाळायला जमलं." नदीनने त्यातलंच आधी वाढून घेतलं आणि दोनदा मागितलं. तिला रताळी आवडत नाहीत.

प्रार्थना म्हणायची पाळी माझी होती. या वर्षात आम्हाला जे दिलंस त्याबद्दल, इथपर्यंत आलो आणि पुढचे शब्द सापडेनात. गारलंडच "आमेन" म्हणाला.

जेवण झालं, नदीनने भोपळ्याची गोड पाई कापून ठेवली आणि भांडी घेऊन आत गेली. नळ मोठा सोडला, मुद्दाम. तेव्हा गारलंडने खिशातून फडकं काढून उलगडलं. आधी पहिलं मागून घेतलं, मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. "हेही दोनशे वेळा चालवलं. एकूण चारशे गोळ्या. दोन्ही उत्तम आहेत."

मी पाईचा तुकडा काट्याने फोडत राहिलो. तो थांबला होता. भरपूर थांबला. हे मला आता, लिहिताना कळतंय. तेव्हा मात्र मी म्हणालो, "कधी कधी काय होतं, पिस्तुलाच्याच आत..."

त्याने हात वर केला. रागाने नाही. "हार्मन," म्हणाला, "मला आता पिस्तूल मागायला लावू नका."

कोट घातला, नदीनला सांगून निघून गेला. त्याची पाई तशीच राहिली.

नदीन ओल्या हातांनी बाहेर आली. त्या दोन मॅगझिनांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तिसरं काही उरलंय का तुझ्याकडे, त्याच्या पुढ्यात टाकायला?"


२९ नोव्हेंबर, शनिवार

आज सकाळी नऊ वाजता गारलंडच्या शेडवर गेलो. कमरेला काही नव्हतं.

तो एका करवतीची साखळी सुटी करत होता. बसा म्हणाला. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"काही अडलं नव्हतं, गारलंड. मी पिस्तूल काढलंच नाही."

त्याने पाना खाली ठेवला. "माहीत आहे."

"दुसरं मॅगझिन..."

"तुमच्या डाव्या बाजूला होतं. तुम्ही वाकलात तेव्हा जाकीट वर गेलं. दिसतं कॅमेऱ्यात."

म्हणजे याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोटाच्या आखूड बाह्यांतून हात पुढे करून त्याने मला प्रयत्न केलात म्हटलं, तेव्हासुद्धा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग तू चारशे गोळ्या कशाला घालवल्यास रे?"

"तुमच्या दारात यायला काहीतरी निमित्त हवं ना," तो म्हणाला. "सरळ विचारलं तर तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं, मॅगझिनचं खोटं संपलं की तुमचं ते 'काही नाही'सुद्धा संपेल." मग तो माझ्याकडे न बघता बोलायला लागला. "हार्मन, तुम्ही पिस्तूल काढलं नाहीत त्याचं मला काही नाही. मी असतो तर काय केलं असतं, देव जाणे. पण ती तुमच्याकडे तोंड करून काहीतरी बोलते. तीन शब्द, चार शब्द. ते मी इतक्या वेळा बघितलंय, आता डोळे मिटले तरी दिसतं. मला ओठ वाचता येत नाहीत. ती मदत मागत होती का? तेवढं सांगा. मागत असेल आणि कुणी आलं नसेल, तर तेही मला कळू दे. बाप आहे मी तिचा."

महिनाभर हा माणूस हे घेऊन जगला, आणि मी त्याला स्प्रिंगा दाखवत होतो.

"तिने मदत मागितली नाही," मी म्हणालो. "तिला तो पोरगा माझ्या आधी दिसला. मी कॉफी ओतत होतो, माझं लक्ष नव्हतं. तिने हात असा खाली दाबला, आणि हळूच म्हणाली, 'खाली बसा, मिस्टर हार्मन.'"

गारलंडने करवत बाजूला सारली.

"आणि मी बसलो. तिने सांगितलं आणि मी बसलो. तिच्या बोलण्याने त्या पोराला कळलं, मागे आणखी कुणीतरी आहे. तो दचकला. तो नुसता पैसे घेऊन गेला असता, गारलंड. ती बोलली नसती तर तो गेला असता. माझ्यासाठी बोलली ती."

सांगून झालं. तो मला मारेल असं वाटलं होतं. मारावं असंही वाटत होतं. तो एका पालथ्या बादलीवर बसला आणि हाताच्या तेलकट रेघांकडे बघत राहिला. तुमची चूक नाही म्हणाला नाही. तुमची चूक आहे असंही म्हणाला नाही. बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक येऊन हॉर्न वाजवून गेलं.

शेवटी म्हणाला, "कशी म्हणाली?"

"म्हणजे?"

"घाबरून? किंचाळून?"

"नाही रे. किंचाळून नाही. मला ती रोज दटावायची ना, सांडू नका, गरम आहे, तशी. मला काही होऊ नये एवढंच होतं त्या आवाजात."

त्याने चेहरा दोन्ही हातांत घेतला. खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय, कळेना. "असंच," म्हणाला, "असंच बोलायची ती मला. औषध घेतलं का. मोजे बदलले का." मग हातांआडूनच म्हणाला, "परत म्हणा."

"खाली बसा, मिस्टर हार्मन."

"परत."

मी म्हटलं. तो म्हणत होता परत, आणि मी म्हणत होतो. दर वेळी तिचा आवाज थोडा जास्त आठवत होता. किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. मग एकदा शब्द निघालाच नाही. मी तोंड उघडून नुसता उभा.

तेव्हा गारलंडने चेहऱ्यावरून हात काढले. तोंडभर तेलाचे डाग. माझ्याकडे वर बघितलं आणि हळूच, अगदी तिच्यासारखं, तो स्वतःच म्हणाला, "खाली बसा, मिस्टर हार्मन."

आणि मी तिथेच, त्या लाकडाच्या भुशात, त्याच्या पायांशी खाली बसलो.